अग्निवीराची चार वर्षं संपली, आता जर्मनीत शिकायचंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली आणि लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. म्हणजे २०२६ संपता संपता आणि २०२७ च्या तोंडावर पहिली मुलं घरी परततात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात परदेशी शिक्षण आहे, आणि सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळपास नसल्यामुळे जर्मनीचं नाव सगळ्यात जास्त निघतं. मी स्वतः फौजेत होतो, नंतर जर्मनीत शिकलो. त्यामुळे सातारा, कोल्हापूर, बीड, बुलढाण्याची मुलं आणि त्यांचे आईवडील जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालच्या बहुतेक उत्तरांत ती येणार आहे. डिस्चार्ज घेऊन आल्यावर निदान वर्षभर घरी राहा. भाषा शिका, कागद गोळा करा, आणि तोवर सेवानिधीला, म्हणजे चार वर्षांनंतर हातात येणाऱ्या एकरकमी पैशांना, हात लावू नका.

घरी येऊन महिना झाला. जो तो विचारतो, "पर्मनंट का नाही झालास?" कधी एकदा बाहेर पडतोय असं झालंय. येत्या ऑक्टोबरला जाता येईल का?

जानेवारीत घरी आला असाल आणि जर्मनचं एक अक्षर येत नसेल, तर जाता येणार नाही. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि बहुतेक विद्यापीठांची अर्जाची मुदत १५ जुलैला संपते. त्याआधी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासून ते दिलं जातं. नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं आहे आणि त्याचं शुल्क १८,००० रुपये आहे. मग व्हिसाची मुलाखतीची तारीख. या सगळ्यात भाषा कुठे बसवणार? रोज नेटाने अभ्यास केला तरी शून्यापासून बी-१ पर्यंत जायला सात-आठ महिने जातात, बी-२ ला त्याहून जास्त (भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात). तेव्हा पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर धरा.

आता प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल. योजनाच अशी आहे की एका तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. म्हणजे चारांतले तीन घरी येणार हे भरतीच्या दिवशीच ठरलेलं होतं. गावाला हे माहीत नसतं. गावाला फौजी म्हणजे पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन येणारा माणूस. भरती झालात तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता, सुट्टीवर यायचात तेव्हा पारावर जागा करून द्यायचे, आणि आता तेच लोक तुमच्याकडे नापास झालेल्या पोरासारखं बघतात. हे लागतं, आणि ते टाळायला परदेशाची वाट धरावीशी वाटते. पण तोंड चुकवायला म्हणून निघालेला मुलगा पहिल्या हिवाळ्यात फार एकटा पडतो. माझं ऐकाल तर पहिले दोन-तीन महिने कसलाच मोठा निर्णय घेऊ नका. शेतात जा, आईच्या हातचं खा, शाळेतल्या मित्रांना भेटा. कुणी विचारलंच तर सरळ सांगा, "चार वर्षांचाच करार होता, तो पुरा करून आलोय." लाज वाटावी असं त्यात काहीही नाही.

माझी भरती दहावीवर झाली होती. मला प्रवेश मिळेल का?

थेट नाही, पण वाट आहे. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीरांना एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी पूर्ण करायची सोय दिलेली आहे. सेवेत असतानाच ती करून घ्या. घरी आल्यावर पुस्तक हातात घ्यायला जास्त जड जातं. विषय निवडताना मात्र विचार करा. गुणपत्रिकेवर गणित आणि विज्ञान नसेल तर अभियांत्रिकीचं नाव काढण्यात अर्थ नाही.

ज्यांची बारावी झाली आहे, त्यांनाही बहुतेक वेळा थेट पदवीला प्रवेश मिळत नाही. आधी श्टुडिएनकोलेग करावं लागतं. हा दोन सत्रांचा तयारीचा अभ्यासक्रम असतो. त्याची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, ती जर्मनमधून होते, आणि शेवटी पात्रता परीक्षा. तांत्रिक विषयांसाठी टी-कोर्स, वैद्यकीय आणि जीवशास्त्रासाठी एम-कोर्स, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनासाठी डब्ल्यू-कोर्स. सरकारी श्टुडिएनकोलेगला शिक्षण शुल्क नसतं, खासगीला चांगलंच असतं. नवख्या मुलाला हा फरक कुणी आपणहून सांगत नाही.

भारतात मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं असेल, तर त्याच शाखेतल्या पदवीसाठी थेट अर्ज करता येतो. इग्नूने सेवेतल्या मुलांसाठी तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी आणली आहे, तिचे निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. भारतात तिचा उपयोग आहेच. जर्मनीत ती कितपत धरायची हे मात्र त्या त्या विद्यापीठाच्या हातात असतं. ज्या विद्यापीठात जायचं आहे त्यांच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेल करून लेखी उत्तर मागवा आणि तो ईमेल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "चालतं" म्हणालं, एवढ्यावर विसंबू नका.

फौजेतली चार वर्षं शिक्षणातला खंड धरतात का?

नाही. सेवेचं प्रमाणपत्र जोडा, ट्रेडचं कौशल्य प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही जोडा, आणि अर्जाच्या पत्रात दोन ओळींत काय काम केलं ते लिहा. बंदुकीपेक्षा सिग्नलचा संच, गाडीची दुरुस्ती, भांडारातला हिशेब यांबद्दल लिहिलेलं वाचणाऱ्याला जास्त कळतं.

सेवानिधीत सगळं भागेल का?

हा प्रश्न प्रत्येक मुलगा विचारतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पगार पहिल्या वर्षी ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये, त्यातले ३० टक्के दरमहा कापले गेले. चार वर्षांत तुमचे ५.०२ लाख जमले, सरकारने तेवढेच घातले, आणि व्याजासह सुमारे ११.७१ लाख हातात येतात. त्यावर आयकर नाही. पण ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही. थोडक्यात, फौजेकडून मिळणारं सगळं या एका रकमेत आलं.

आता जर्मनीची बाजू. विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे; तिथे पोहोचल्यावर त्यातले दरमहा ९९२ युरो तुम्हाला मिळतात. युरो १०० रुपयांच्या आसपास धरला तर हे झाले जवळपास १२ लाख. चार वर्षांचा सेवानिधी आणि जर्मनीतलं एक वर्ष, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. विमानाचं तिकीट, एपीएस, ७५ युरो व्हिसा शुल्क, भाषेच्या परीक्षा, थंडीचे कपडे हे अजून धरलेलंच नाही. आणि पदवी तीन वर्षांची असते, आधीचं श्टुडिएनकोलेग वेगळं.

म्हणून सगळा सेवानिधी एका फटक्यात ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकू नका. प्रवेशपत्र हातात आलं की राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्ज विचारा, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण लागत नाही. निम्मं कर्ज, निम्मा सेवानिधी, आणि दोन-तीन लाख घरी मुदत ठेवीत, ही विभागणी मला बरी वाटते. आजारपण येतं, एखाद्या विषयात नापास होऊन सत्र वाढतं, तेव्हा ती ठेव कामाला येते. शेत मात्र गहाण टाकू नका. वडील तयार असले तरी नको.

आणखी एक बारकावा. एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत रक्कम बाहेर पाठवली तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागत नाही. त्यापुढची रक्कम एप्रिल उजाडल्यावर पाठवली, किंवा बँकेच्या कर्जातून गेली, तर तो कापला जात नाही. कापला गेलाच तर आयकर विवरणपत्र भरून वळता करता येतो.

तिथे काम करता येतं. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, आणि २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. यातून महिन्याचा बराच खर्च निघतो. पण पहिल्या सत्रात भाषा कच्ची असते, काम मिळायला वेळ लागतो, आणि गोदामात रात्रपाळी करून सकाळी गणिताच्या वर्गात बसलेला मुलगा दोन्हीकडे मागे पडतो. पहिलं वर्ष कमाई शून्य धरूनच हिशेब करा.

शिक्षण शुल्क नाही म्हणतात त्यालाही अपवाद आहे. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबेर्ग या भागात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.

महाराष्ट्र सरकारची शिष्यवृत्ती?

सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत, आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. बारावीनंतर जाणाऱ्याला त्या लागू होत नाहीत. मास्टर्सच्या वेळी जरूर बघा.

आउसबिल्डुंग काय असतं? ते कमी दर्जाचं आहे का?

अजिबात नाही. उलट बऱ्याच अग्निवीरांसाठी हीच वाट सरळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काम करता करता घ्यायचं व्यवसाय प्रशिक्षण. यात कंपनीशी करार होतो. आठवड्यातले काही दिवस प्रत्यक्ष काम, काही दिवस व्यवसाय शाळा. कालावधी दोन ते साडेतीन वर्षं, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. ते पुरेसं असेल तर ब्लॉक्ड अकाउंटची गरज पडत नाही, म्हणजे सेवानिधी जवळपास शाबूत राहतो. व्हिसासाठी साधारण बी-१ जर्मन लागतं. मेकॅट्रॉनिक्स, वाहनदुरुस्ती, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, रुग्णसेवा असे शेकडो व्यवसाय आहेत. युनिटच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली झोपून ज्याने चार वर्षं काढली, त्याचे हात आधीच तयार आहेत. घरच्यांना वाटतं, पोरगा परदेशात जाऊन मिस्त्री होणार. तिथे मिस्त्रीला मान आहे आणि पैसाही.

जर्मन कुठे शिकू?

पुण्यात आणि मुंबईत माक्सम्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. गावाकडे असाल तर ऑनलाइन वर्ग चालेल, फक्त परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रातूनच द्या. फौजेत हिंदी शिकलात तशीच ही भाषाही बोलूनच येते. रोज मोठ्याने वाचा.

एजंट म्हणतो, दोन लाख द्या, सगळं करून देतो. द्यावे का?

नाही. विद्यापीठाचा अर्ज, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा, सगळं स्वतःला करता येतं. इंग्रजी कच्चं असेल तर तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाला शेजारी घेऊन बसा.

दुसरा धोका याहून मोठा आहे आणि तो खास तुमच्यासाठी आहे. प्रशिक्षित, तरुण, नुकतेच पैसे हातात आलेला माणूस एजंटांना हवाच असतो. रशियात शिक्षण किंवा मदतनीसाची नोकरी सांगून भारतीय तरुणांना नेलं गेलं आणि युक्रेनच्या युद्धात आघाडीवर उभं केलं गेलं. सीबीआयने मार्च २०२४ मध्ये या जाळ्यावर गुन्हा दाखल करून छापे घातले, आणि त्या युद्धात भारतीय मारले गेल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं आहे. कुणी "माजी फौजी असाल तर प्राधान्य", "व्हिसा आधी, कागद नंतर" असं म्हणाला की तिथून उठा. त्याचा नंबर पोलिसांना द्या.

व्हिसाच्या अर्जात फौजेची नोकरी लिहायची का? लिहिली तर नाकारतील ना?

लिहायचीच. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या अर्जांत तर सैन्यसेवेबद्दल थेट प्रश्न असतो. चार वर्षं लपवली तर ती रिकामी दिसतात, आणि खोटी माहिती उघडकीस आली की नुसत्या नकारावर भागत नाही, पुढचे अर्जही अडकतात. पद, ट्रेड, रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख एवढं पुरतं, आणि ते डिस्चार्जच्या कागदात जसं आहे तसंच लिहा. तारखेत एका दिवसाचाही फरक नको. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून लवकर दुरुस्त करून घ्या. तोफखान्याची मुलं नाशिक रोडला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला जाऊन स्वतः चौकशी करू शकतात.

युनिट कुठे होतं, पोस्टवर किती माणसं होती, कोणतं उपकरण वापरत होता, हे कुठेही लिहायचं नाही. सेवेत कळलेली गोपनीय माहिती बाहेर देण्यावर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याने बंदी आहे, आणि ती डिस्चार्जनंतरही तुमच्यावर लागू आहे. एखाद्या अर्जात असा तपशील विचारलाच तर आधी रेकॉर्ड ऑफिसला विचारा, मगच लिहा.

वसतिगृहात शेजारच्या खोलीत पाकिस्तानी मुलगा आला तर?

येईल. जर्मनीत पाकिस्तानी विद्यार्थी पुष्कळ आहेत. स्वयंपाकघर सामाईक असतं आणि कांदा परतल्याच्या वासाने तोच पहिला दार उघडून बाहेर येईल. तुमची हिंदी त्याला कळेल, त्याची उर्दू तुम्हाला कळेल. क्रिकेट निघेल, सिनेमा निघेल, घरची आठवण निघेल. चांगली मैत्री होऊ शकते, आणि झाली तर त्यात गैर काही नाही. समोरचाही आईबापांना सोडून आलेला पोरगाच आहे.

मर्यादा एकच, आणि ती पाकिस्तानी असो, जर्मन असो की पुण्याचा, सगळ्यांना सारखी आहे. पोस्टिंगच्या गोष्टी नाहीत. फोनमधले वर्दीतले, पोस्टवरचे, गाड्यांसोबतचे फोटो निघण्याआधी काढून टाका. जुने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडा, मित्रांशी वेगळं बोला. समाजमाध्यमावर अनोळखी मुलगी युनिटबद्दल गोडीगुलाबीने विचारायला लागली तर काय करायचं, ते फौजेत शिकवलेलं आहेच.

"किती जणांना मारलंस?" असंही कुणीतरी विचारेल. बहुतेक वेळा निव्वळ अजाणतेपणी. "याबद्दल मी बोलत नाही" एवढं जर्मनमध्ये म्हणता येऊ दे. लोक पुन्हा विचारत नाहीत.

वय २३-२४ झालं. सोबतची मुलं १८-१९ ची असतील ना?

असतील, पण पंचविशीचेही असतात. तिथे शाळेनंतर आधी व्यवसाय शिकून, काम करून मग विद्यापीठात येणारे बरेच असतात. वयाची अडचण एकाच ठिकाणी येते, विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो. तुम्हाला अजून वेळ आहे.

तिथलं सगळ्यात अवघड काय?

थंडी नाही आणि अभ्यासही नाही. कुणीच काही सांगत नाही, हे सगळ्यात अवघड.

चार वर्षं दिवस ठरलेला होता. पहाटे पीटी, मग परेड, लंगर, ड्युटी, रोल कॉल. उस्ताद ओरडायचा, पण उद्या कुठे उभं राहायचं हा प्रश्न तुमच्या डोक्यात कधी आला नाही. विद्यापीठात वेळापत्रक स्वतः बनवायचं, विषय स्वतः निवडायचे, परीक्षेची नोंदणीसुद्धा मुदतीत स्वतः करायची. बऱ्याच वर्गांना हजेरी नसते. पाच महिने वर्गात गेला नाहीत तरी कुणी फोन करत नाही. सरळ परीक्षा येते.

वेळापत्रकात आठ लिहिलेलं असेल आणि तुम्ही सवयीने पावणेआठला जाल. सभागृहात अंधार, बाकांवर कुणी नाही, भिंतीवर घड्याळ. सव्वाआठला प्राध्यापक येतात आणि त्यांच्या मागोमाग दोनशे मुलं. तिथल्या विद्यापीठांत पंधरा मिनिटं उशिरा सुरू करायची जुनी रीत आहे. तो अर्धा तास बसल्या जागी कालच्या टिपणांसाठी वापरा. फौजेची शिस्त तुम्हाला इथे उपयोगी पडते ती अशी, शांतपणे. पहाटे उठायचं सोडू नका, पलंग आवरायचं सोडू नका. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच पीठ-भाजी भरून ठेवा.

झोप नीट लागत नाही, मोठा आवाज झाला की दचकायला होतं. हे तिथे गेल्यावर जाईल का?

आपोआप जाईल असं धरून चालू नका. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

काश्मीरमध्ये कुपवाड्याला राहून आलेला माझा एक मित्र केम्निट्झच्या वसतिगृहात होता. ३१ डिसेंबरच्या रात्री जर्मनीत प्रत्येक गल्लीत लोक स्वतः रॉकेट आणि फटाके उडवतात. बाराला सुरुवात झाली आणि काही कळायच्या आत तो खोलीतला दिवा बंद करून, खिडकीपासून लांब, कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. मजल्यावरची मुलं ग्लास घेऊन त्याला बोलवायला आली. त्यांतली एक व्हिएतनामी मुलगी काही न विचारता शेजारी बसून राहिली. पुढच्याच आठवड्यात तो विद्यार्थी सेवा केंद्राच्या समुपदेशकाकडे गेला. तिथे वेळ घेऊन जाता येतं, आणि ही गोष्ट विद्यापीठाला किंवा व्हिसा कार्यालयाला कळत नाही. फौजेत असं बोलायला संकोच वाटायचा. तिथे कुणाला त्यात नवल वाटत नाही.

मी आई आहे. चार वर्षं काळजीत काढली, आत्ता कुठे पोरगा नजरेसमोर आलाय. लगेच लांब कशाला? निदान लग्न करून पाठवू का?

ताई, तुमची पहिली मागणी अगदी रास्त आहे. वर्षभर घरी राहा असं मी वर म्हटलंय, त्यामागे तुम्हीही आहात. चार वर्षांत वर्षाला तीस दिवसांची सुट्टी, तीही कधी मिळाली, कधी सणानंतर मिळाली. त्याला थोडं घरात मुरू द्या. सकाळी पाचला उठून अंगणात फिरत असेल तर ओरडू नका.

लग्नाची मात्र घाई नको. विद्यार्थ्याच्या बायकोला जर्मनीत बोलावायला तिचं ए-१ जर्मन लागतं, पुरेशी जागा आणि दोघांचा खर्च भागेल एवढं उत्पन्न दाखवावं लागतं. शिकणाऱ्या मुलाला हे जमणं कठीण. मग ती इथे, तो तिथे, आणि फोनवर संसार. त्या मुलीचाही विचार करा.

बीएसएफ, सीआरपीएफमध्ये अग्निवीरांना आरक्षण आहे. परदेशी गेलो तर ते हातचं जाईल का?

बहुधा जाईल. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत १० टक्के जागा राखीव आहेत, सीमा सुरक्षा दलाच्या शिपाई भरतीत तर डिसेंबर २०२५ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं. वयाची सवलत पहिल्या तुकडीला पाच वर्षं, नंतरच्यांना तीन. शिपाई पदाची मूळ मर्यादा २३ धरली तर २८ किंवा २६ पर्यंत संधी. श्टुडिएनकोलेग आणि पदवी करून परत याल तोवर ती निघून गेलेली असेल.

त्यामुळे ज्याला वर्दीची ओढ आहे, त्याने घरच्या या वर्षात भरतीचा अर्ज भरावाच. जर्मनचा वर्ग संध्याकाळी असतो आणि धावण्याचा सराव पहाटे. दोन्ही एका वेळी होतं. निवड झाली की मग ठरवा. ज्याची ती ओढ संपली आहे, त्याने "असू दे हातात" म्हणून फॉर्म भरत बसण्यापेक्षा तो वेळ बी-२ ला द्यावा.